रविवार धरून मॉन्टेव्हिडिओ : तीन दिवसांच्या भेटीची आखणी

मॉन्टेव्हिडिओला जायचं ठरलं की आधी वार ठरवा, तारीख मागाहून. मुक्कामात एक अख्खा रविवार यायलाच हवा, आणि जमलं तर त्याच्या आदला शनिवारही. शुक्रवारी पोचायचं आणि सोमवारी निघायचं, हा या शहरासाठी सगळ्यात चांगला बेत. सोमवार ते बुधवार असे तीन दिवस हाती आले तर शहर अर्धंच दिसतं. सोमवारी बरीच संग्रहालयं बंद असतात, आणि इथलं खरं वैभव तर रविवारी रस्त्यावर येतं.

उरुग्वेची ही राजधानी रिओ दे ला प्लाता नदीच्या उत्तर काठावर वसली आहे. म्हणायला नदी, पण इथे तिचा पलीकडचा काठ दिसत नाही. पात्र शंभर किलोमीटरच्या घरात रुंद आहे. देशाची वस्ती सुमारे ३५ लाख, त्यातले तेरा-एक लाख लोक या एका शहरात. जिच्यासाठी जगभरातून लोक विमान पकडून येतील अशी एकही वास्तू इथे नाही. इथली माणसं संध्याकाळ कशी घालवतात, सुट्टीची सकाळ कुठे काढतात, हेच पाहायचं आणि त्यात मिसळायचं. त्यामुळे कुठल्या ठिकाणी जायचं यापेक्षा किती वाजता जायचं हा प्रश्न इथे मोठा ठरतो.

मराठी मंडळी इथे साधारण दोन वाटांनी पोचतात. टीसीएसने २००२ साली इथे केंद्र सुरू केलं. त्या किंवा तशा कामासाठी आलेल्यांना एखादा शनिवार-रविवार मोकळा मिळतो. बाकीचे ब्राझील-अर्जेंटिना पाहायला निघालेले असतात आणि वाटेत दोन-तीन दिवस काढू शकतात. पुढचा आराखडा दोघांनाही चालेल.

व्हिसा आणि पिवळ्या तापाची लस

भारतीय पासपोर्ट असेल तर दिल्लीतल्या उरुग्वेच्या वकिलातीकडे व्हिसाची चौकशी निदान दोन महिने आधी करा. तुम्ही परदेशात राहत असाल तर तिथल्या जवळच्या उरुग्वे वाणिज्य दूतावासाकडे विचारा. नियम बदलत राहतात, त्यामुळे मित्राला दोन वर्षांपूर्वी काय लागलं होतं यावर विसंबू नका. अमेरिकन, ब्रिटिश किंवा युरोपीय संघातल्या देशाचा पासपोर्ट असेल तर ९० दिवसांपर्यंतच्या पर्यटनासाठी व्हिसा लागत नाही.

ब्युनोस आयर्सहून मॉन्टेव्हिडिओला येऊन पुन्हा ब्युनोस आयर्सला परतणार असाल, तर अर्जेंटिनात दुसऱ्यांदा प्रवेश मिळेल अशी परवानगी आहे ना, हे घरूनच पाहून घ्या. एकदाच प्रवेश देणाऱ्या व्हिसावर फेरीने (प्रवासी बोटीने) इकडे आलात तर परतीची वाट बंद होते.

दुसरी गोष्ट लसीची, आणि तिच्याकडे फार दुर्लक्ष होतं. उरुग्वे हा पिवळ्या तापाचा देश नाही. पण ब्राझील आणि अर्जेंटिना भारत सरकारच्या यादीत आहेत. त्या देशांत राहून भारतात परतणाऱ्याकडे लसीचं प्रमाणपत्र नसेल तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं. साओ पाउलोला नुसतं विमान बदललं आणि विमानतळाबाहेर पाऊल टाकलं नाही तर सूट मिळू शकते. पण मधलं विमान चुकलं आणि रात्र शहरात काढावी लागली की ती सूट गेली. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: वाटेत ब्राझील किंवा अर्जेंटिना असेल तर लस घेऊनच निघा. ती फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते, मुंबईत पोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशनकडे. वेळ आधी ठरवावी लागते, आणि प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहाव्या दिवशी लागू होतं. वय साठच्या वर असेल किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

पोचायचं कसं

भारतातून थेट विमान नाही. मुंबईहून दोहा, दुबई किंवा अदिस अबाबामार्गे साओ पाउलो आणि तिथून अडीच-एक तासांत मॉन्टेव्हिडिओ, हा एक मार्ग. माद्रिदहून थेट विमान आहे, तो दुसरा. कसंही गेलात तरी घरापासून हॉटेलपर्यंत दीड दिवस धरा. सगळा प्रवास एकाच तिकिटावर ठेवा, म्हणजे सामान शेवटपर्यंत जातं आणि मधलं विमान चुकलं तर पुढची सोय कंपनीला करावी लागते. युरोपमार्गे जाणार असाल तर ट्रान्झिट व्हिसा लागतो का, ते पैसे भरण्यापूर्वी पाहा. अमेरिकेतून जाताना तो लागतोच.

ब्युनोस आयर्सहून येणाऱ्यांनी विमान विसरावं. बुकेबुसची थेट फेरी सव्वादोन-अडीच तासांत मॉन्टेव्हिडिओच्या बंदरात आणून सोडते, आणि बंदराच्या समोरच जुनं शहर आहे. दोन्ही देशांचे शिक्के निघतानाच, एकाच इमारतीत मारले जातात. म्हणून दीड-दोन तास आधी पोचा. याहून स्वस्त पर्याय म्हणजे कोलोनिआपर्यंत सव्वा तासाची फेरी आणि पुढे बस. त्याबद्दल शेवटी सांगतो.

कार्रास्को विमानतळ शहराच्या पूर्वेला वीसेक किलोमीटरवर आहे. लांबलचक पांढऱ्या कमानीसारखं छप्पर असलेली ही इमारत राफाएल विन्योली या मूळच्या मॉन्टेव्हिडिओच्याच वास्तुकाराने केली, २००९ मध्ये ती खुली झाली. विमानतळाची अधिकृत टॅक्सी महाग पडते. उबर आणि काबिफाय चालतात. सामान कमी असेल तर बाहेरच्या थांब्यावरून त्रेस क्रुसेस या मुख्य बस स्थानकाकडे जाणारी बस मिळते. गाडीने आलात तर चालकाला ‘पोर ला राम्ब्ला’ म्हणा, म्हणजे तो पाण्याच्या कडेने नेईल. चार मिनिटं जास्त लागतील, पण शहराची ओळख तिथेच होते.

महिना कोणता

ऋतू आपल्या उलट. डिसेंबर ते फेब्रुवारी उन्हाळा, दुपारी २८ अंशांच्या आसपास. जून ते ऑगस्ट थंडी. पारा शून्याखाली क्वचितच जातो, पण दमट हवा आणि वारा यांमुळे सहा-सात अंशही हाडांत शिरतात. मला विचाराल तर मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. जानेवारीत गावातली बरीच माणसं पूर्वेच्या किनाऱ्यांवर जातात, दुकानं अर्धी बंद असतात.

याला एक मोठा अपवाद म्हणजे कार्निव्हल. इथला कार्निव्हल जानेवारीच्या अखेरीपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत, चाळीसेक दिवस चालतो. फेब्रुवारीतल्या दोन रात्री बार्रिओ सुर आणि पालेर्मो या वस्त्यांतून ‘यामादास’ची मिरवणूक निघते. शेकडो ढोल, नाचणाऱ्या बायका, झेंडे. बसायच्या जागांची तिकिटं आधी विकली जातात आणि पाऊस आला तर कार्यक्रम पुढे ढकलतात, म्हणून त्या दोन तारखांच्या मागे एक दिवस मोकळा सोडा. उरलेल्या रात्री पार्के रोदोजवळच्या उघड्या थिएटरात ‘मुर्गा’ मंडळांची स्पर्धा असते. रंगवलेल्या चेहऱ्यांचा वृंद वर्षभरच्या राजकारणावर गाऊन टीका करतो. स्पॅनिश कळत नसलं तरी तासभर बसा, त्या आवाजांची ताकद कळायला भाषा लागत नाही.

टाळायचे दिवस तीनच: १ मे, २५ डिसेंबर आणि १ जानेवारी. या दिवशी बसही जवळजवळ बंद असतात आणि जेवायला जागा मिळणं अवघड होतं. ईस्टरच्या आठवड्याला इथे सरकारी भाषेत ‘पर्यटन सप्ताह’ म्हणतात. धर्म आणि शासन वेगळं ठेवण्याबाबत हा देश शंभर वर्षांहून अधिक काळ आग्रही आहे. त्या आठवड्यात शहर रिकामं होतं, पण प्रादो भागात गाउचोंचे, म्हणजे इथल्या गुराख्यांचे, घोड्यांचे खेळ असतात. घोड्यांची आवड असेल तर तेव्हाच या.

बारमाही सल्ला एकच: वाऱ्यापासून वाचवणारं पातळ जाकीट. दुपारी घाम फुटलेला असतो आणि नैर्ऋत्येकडून पाम्पेरो वारा सुटला की तासाभरात हवा पालटते.

कुठे उतरायचं

पोसितोस किंवा पुंता कार्रेतास. या दोन वस्त्या किनाऱ्याला लागून आहेत, रात्री अकराला जेवून चालत परतता येतं, किराणा आणि औषधांची दुकानं हाताशी आहेत. थोडं स्वस्त आणि विद्यार्थ्यांच्या गजबजीतलं हवं असेल तर कोर्दोन किंवा पार्के रोदो. सियुदाद विएहा, म्हणजे जुनं शहर, नकाशावर मोहक वाटतं आणि पहिल्यांदा येणारे तिथेच खोली घेतात. दिवसा ते सुंदर आहेच, पण कचेऱ्या सुटल्यावर आणि रविवारी तिथले रस्ते ओस पडतात, आणि चोऱ्या होतात त्या अशाच रिकाम्या रस्त्यांवर. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर तिथे राहू नका.

शाकाहारी कुटुंब असेल तर स्वयंपाकघर असलेलं छोटं घरच घ्या. त्याने खर्चही आटोक्यात राहतो. दक्षिण अमेरिकेत हा देश महाग गणला जातो आणि बाहेरच्या जेवणात ते लगेच जाणवतं.

पैसे, फोन, प्लग

चलन उरुग्वेचा पेसो. अलीकडच्या वर्षांत डॉलरला चाळीसच्या आसपास. रुपये कुठेही बदलून मिळत नाहीत. स्वच्छ, न फाटलेले थोडे डॉलर न्या आणि ‘काम्बिओ’ पाटीच्या दुकानात बदला; बँका दुपारी एकला उघडून पाचला बंद होतात. एटीएममधून एका वेळी कमी रक्कम निघते आणि शुल्क बरंच लागतं, म्हणून होता होईल तो कार्ड वापरा. निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमधून कार्डाचा परदेशी वापर चालू करायला विसरू नका.

कार्ड वापरण्याचं आणखी एक कारण आहे. इथे आयव्हीए नावाचा कर २२ टक्के आहे. परदेशी कार्डाने रेस्टॉरंटचं बिल भरलं तर त्यात सवलत देण्याची योजना सरकार बरीच वर्षं चालवत आलं आहे. ती पावतीवरच वजा होते, रोखीला मिळत नाही. त्या हंगामात सवलत किती आहे ते हॉटेलात विचारा. हॉटेलच्या खोलीवर परदेशी पाहुण्यांना हा कर लागत नाही, त्यासाठी पासपोर्ट दाखवावा लागतो. बक्षिसी दहा टक्के. बिलावर ‘कुबिएर्तो’ दिसलं तर ते टेबलाचं शुल्क आहे, बक्षिसी त्यात येत नाही.

सिमसाठी अन्तेल ही सरकारी कंपनी, पासपोर्ट दाखवून प्रीपेड मिळतं. वीज आपल्यासारखीच, पण प्लग वेगळे: आपल्या चार्जरच्या दोन बारीक गोल पिना बहुधा बसतात, तीन पिनांचा प्लग बसत नाही. नळाचं पाणी पितात. २०२३ च्या दुष्काळात मात्र धरण आटून नदीचं खारट पाणी मिसळावं लागलं होतं, म्हणून आल्यावर यजमानाला एकदा विचारून घ्या. वेळ भारतापेक्षा साडेआठ तास मागे: इथे दुपारचे बारा म्हणजे घरी रात्रीचे साडेआठ. घरी फोन करायला तीच वेळ धरा.

शहरात फिरायला बस उत्तम. चढल्यावर रोख देता येते, पण अबिताब किंवा रेदपागोसच्या दुकानातून एसटीएम कार्ड घेतलं तर स्वस्त पडतं आणि तासाभराच्या तिकिटात बस बदलता येते. नगरपालिकेचं ‘कोमो इर’ हे ॲप कुठून कुठली बस ते दाखवतं.

शुक्रवार : फक्त संध्याकाळ

दुपारी पोचलात तर झोपू नका. शरीर साडेआठ तास पुढे असतं, आणि त्यावर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे राम्ब्ला.

राम्ब्ला म्हणजे पाण्याच्या कडेने जाणारा रस्ता आणि त्याला लागून रुंद पदपथ, वीस-बावीस किलोमीटर सलग. बंदरापासून कार्रास्कोपर्यंत एकही बंगला, हॉटेल किंवा क्लब पाण्याची वाट अडवत नाही असं जवळजवळ म्हणता येईल. प्रत्येक टप्प्याला वेगळं नाव आहे, आणि पुंता कार्रेतासहून पोसितोसकडे जाणाऱ्या भागाचं नाव आहे राम्ब्ला महात्मा गांधी. पहिली संध्याकाळ तिथेच काढा.

पुंता कार्रेतासच्या १८७६ सालच्या दीपगृहापाशी सूर्यास्ताच्या तासभर आधी पोचा. जानेवारीत सूर्य आठच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये पावणेसहालाच. काखेत थर्मास आणि हातात ‘माते’चा, म्हणजे इथल्या पानांच्या कडवट चहाचा, पेला घेतलेली माणसं कठड्यावर बसलेली दिसतील: शाळकरी मुलं, निवृत्त आजोबा, कामावरून परतणारे. कुणी काही विकत नाही, कुणी गाणी वाजवत नाही. तिथून पोसितोसच्या वाळूपर्यंत चालत या. शहराच्या नावाची मोठी अक्षरं तिथे आहेत, फोटो काढायचा तर आत्ताच काढा, रविवारी रांग असते.

उन्हाळ्यात पाण्यात उतरायचं असेल तर आधी झेंडा पाहा. लाल झेंड्यावर हिरवी फुली असली तर पाणी आरोग्याला अपायकारक, उतरायचं नाही. पाणी तपकिरी दिसतं त्यात घाण नसते, तो नदीचा गाळ असतो. वारा फिरला की समुद्राचं पाणी आत येतं आणि रंग हिरवट होतो.

शनिवार : जुनं शहर, दिवसाउजेडी

सकाळी दहाला प्लासा इंदेपेंदेन्सियापासून सुरुवात करा. मधोमध देशाचा स्वातंत्र्यवीर आर्तिगास याचा अश्वारूढ पुतळा आहे. पुतळ्याखाली पायऱ्या उतरून त्याची समाधी आहे, तिथे जाणं चुकवू नका. वर वाहनांचा आवाज आणि खाली काळ्या दगडाच्या अंधाऱ्या दालनात अस्थिकलश, दोन पहारेकरी. चौकाच्या कोपऱ्यावरची मनोऱ्याची इमारत म्हणजे पालासिओ साल्वो, १९२८ ची. मारिओ पालान्ती या इटालियन वास्तुकाराने ब्युनोस आयर्समध्येही हिचं भावंड बांधलं आहे. साल्वोच्या जागी आधी एक कॅफे होता आणि १९१७ साली ‘ला कुम्पार्सिता’ हा टँगो पहिल्यांदा तिथेच वाजला.

किल्ल्याच्या तटाची उरलेली वेस ओलांडली की सारान्दी हा पायी चालण्याचा रस्ता लागतो. डावीकडे १८५६ चं तेआत्रो सोलीस हे नाट्यगृह. मार्गदर्शित फेरीची वेळ विचारा आणि रात्री प्रयोग असेल तर तिकीट काढा. पुढे प्लासा मात्रिस, कॅथीड्रल, जुनं काबिल्दो, म्हणजे वसाहतकाळातलं नगरभवन. कॉफीला कॅफे ब्रासिलेरो, १८७७ पासूनचा. लेखक एदुआर्दो गालेआनो इथे नेहमी येत.

याच भागात आन्देस १९७२ हे लहानसं खाजगी संग्रहालय आहे. १३ ऑक्टोबर १९७२ रोजी उरुग्वेच्या हवाई दलाचं विमान आन्देस पर्वतात कोसळलं. ४५ जणांपैकी १६ जण ७२ दिवसांनी जिवंत परतले. बहुतेक जण याच शहरातल्या एका रग्बी संघाचे खेळाडू आणि त्यांचे आप्त होते. जगाला ही साहसकथा म्हणून माहीत आहे, पण इथे न परतलेल्या २९ जणांचीही आठवण जपलेली आहे, आणि त्यामुळेच ते पाहावं. दीड तास ठेवा, आणि लहान मुलांना नेऊ नका.

दुपारी एकला मेर्कादो देल पुएर्तो, १८६८ चा बाजार. लोखंडी छताखाली लाकडाच्या निखाऱ्यांवर गोमांस भाजणाऱ्या खानावळींची रांग आहे. मांस खाणाऱ्यांनी बाहेरच्या चकचकीत टेबलांपेक्षा आतल्या बाकावर बसावं, भट्टीच्या समोर. पेयाला ‘मेदिओ इ मेदिओ’, दोन प्रकारच्या वाईनचं मिश्रण. न खाणाऱ्यांनी धुराचा आणि वासाचा विचार करून ठरवावं. जायलाच हवं असं नाही. त्यांनी त्याऐवजी शेजारचं कार्निव्हल संग्रहालय पाहावं. बंदराच्या फाटकाजवळ ग्राफ श्पे या जर्मन युद्धनौकेचा नांगर ठेवला आहे. डिसेंबर १९३९ मध्ये ब्रिटिश नौकांशी लढून ती इथे आसऱ्याला आली आणि तिच्या कप्तानाने ती याच पात्रात बुडवली.

चारच्या सुमारास या भागातून निघा. फोन हातात मिरवू नका, बंदरामागच्या गल्ल्यांत शिरू नका, अंधार पडल्यावर परत यायचं असेल तर गाडीनेच या. तातडीच्या मदतीला ९११.

रविवार : सकाळी बाजार, संध्याकाळी ढोल

सकाळी नऊ ते दुपारपर्यंत त्रिस्तान नार्वाहाचा बाजार. दिएसिओचो दे हुलिओ या मुख्य हमरस्त्यावर, विद्यापीठाच्या इमारतीपासून तो सुरू होतो आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत पसरत जातो. तोंडाशी फळं-भाज्या आणि चीज. आत शिरावं तशी जुनी पुस्तकं, ग्रामोफोनच्या तबकड्या, पितळी कुलुपं, घड्याळं, नाणी. खिसा पुढे घ्या. जुन्या मातेच्या पेल्यांसाठी थोडी घासाघीस चालते, पण आपल्यासारखी निम्म्यावरून सुरुवात करू नका, इथे ती उद्धटपणाची वाटते. फळं इथेच घ्या, दुपारी बागेत खायला.

बाजारातून दिएसिओचो दे हुलिओवरून थोडं चाललात की नगरपालिकेची उंच इमारत आहे, समोर मायकेलअँजेलोच्या डेव्हिडची प्रतिकृती. इमारतीच्या बाविसाव्या मजल्यावर मोफत गच्ची आहे. चालू असेल तर दहा मिनिटांत सगळं शहर आणि तिन्ही बाजूंचं पाणी दिसतं.

दुपार फुटबॉलला द्या. एस्तादिओ सेन्तेनारिओ, म्हणजे शताब्दी स्टेडियम: उरुग्वेच्या १८३० च्या राज्यघटनेला शंभर वर्षं झाली म्हणून हे नाव. ३० जुलै १९३० रोजी पहिल्या विश्वचषकाचा अंतिम सामना इथे झाला आणि उरुग्वेने अर्जेंटिनाला ४-२ ने हरवलं. आतल्या संग्रहालयाच्या वेळा आधी पाहा, सामन्याच्या दिवशी बदलतात. पेन्यारोल किंवा नासिओनाल या इथल्या संघांचा सामना असेल तर तिकीट काढून जा, पण आपल्याच संघाच्या गॅलरीत बसा आणि दुसऱ्या संघाच्या रंगाचा शर्ट घालू नका.

मग संध्याकाळ. सातच्या आसपास बार्रिओ सुर-पालेर्मोमध्ये, इस्ला दे फ्लोरेस रस्त्यावर पोचा. कोपऱ्याकोपऱ्यावर लाकडं-पुठ्ठे पेटवून त्याभोवती ढोल कोंडाळ्यात ठेवलेले दिसतील. आपल्याकडे हलगी शेकतात तसं कातडं ताणून घ्यायचं असतं. हे कान्दोम्बे. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकन लोकांच्या वंशजांनी इथे जपलेली ही परंपरा युनेस्कोने २००९ साली वारसा यादीत घेतली. ढोल तीन जातींचे: चिको, रेपिके आणि पिआनो. चिको सतत एकाच चालीत, रेपिके त्यावर बोलणारा, पिआनो खालचा खर्ज. मिरवणूक अगदी सावकाश सरकते आणि वस्तीतली माणसं मागून चालतात. तिकीट नाही, मंच नाही. ही त्यांची दर आठवड्याची बैठक आहे, हे लक्षात ठेवून वागा: ढोलांच्या रांगेत घुसू नका, वाजवणाऱ्याच्या तोंडासमोर फोन धरू नका, मागे किंवा कडेने चाला. पाऊस असेल तर निघत नाहीत. परतताना गाडी बोलवा.

या एका संध्याकाळसाठी मी रविवारचा एवढा आग्रह धरला आहे.

सोमवार

सकाळी पुंता कार्रेतासचं शॉपिंग सेंटर. खरेदीसाठी म्हणत नाही. ही इमारत पूर्वी तुरुंग होती, आणि १९७१ च्या सप्टेंबरमध्ये शंभराहून अधिक कैदी भुयार खणून इथून पळाले. बहुतेक तुपामारोस या सशस्त्र डाव्या गटाचे. त्यांत होसे मुहिका होते, जे पुढे २०१० ते २०१५ देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. १९९४ मध्ये तुरुंगाचं दुकानांत रूपांतर झालं. वेशीची कमान अजून ओळखू येते. वेळ उरला तर प्रादोची गुलाबबाग, नाहीतर पुन्हा राम्ब्ला.

मांस न खाणाऱ्यांनी काय खायचं

उरुग्वेत माणशी गुरं तिनाच्या वर आहेत, जेवणाचा सगळा कल तिकडेच. तरी उपाशी राहायची वेळ येत नाही. ‘कार्ने’ म्हणजे त्यांच्या मनात गोमांस. ‘सिन कार्ने’ सांगितलं तरी हॅम किंवा कोंबडी येऊ शकते. म्हणून पूर्ण सांगा: ‘सिन कार्ने, सिन पोशो, सिन हामोन, सिन पेस्कादो’, म्हणजे गोमांस, कोंबडी, हॅम, मासे नकोत. अंडं चालत नसेल तर ‘सिन उएवो’.

सगळ्यात भरवशाचा पदार्थ फाइना. बेसन, पाणी, तेल, मीठ यांचं पातळ पीठ पिझ्झाच्या भट्टीत भाजतात, वर मिरपूड. इटालियन स्थलांतरितांनी ते आणलं. जवळजवळ प्रत्येक पिझ्झेरियात मिळतं. चीजच्या पिझ्झ्याच्या तुकड्यावर फाइनाचा तुकडा ठेवून खातात त्याला ‘आ काबाशो’ म्हणतात. जुन्या शहराच्या कडेला १९३१ पासूनचं तासेन्दे आहे, तिथला नुसत्या चीजचा पिझ्झा खाऊन पाहा. याशिवाय निखाऱ्यावर भाजलेलं प्रोवोलोने चीज, चीज-कांद्याची एम्पानादा (करंजीसारखी), पालकाची पास्कुआलिना (सारण भरलेला पाय; आत बहुधा उकडलेलं अंडं असतं), आणि महिन्याच्या २९ तारखेला सगळीकडे न्योकी (बटाट्याच्या छोट्या गोळ्यांचा पास्ता). गोडात आटवलेल्या गोड दुधाचं ‘दुल्से दे लेचे’ भरलेली आल्फाहोरेस बिस्किटं.

दोन पदार्थांपासून सावध राहा, कारण दिसायला ते निरुपद्रवी आहेत. पावसाळी दिवशी रस्त्यावर मिळणारी तोर्ता फ्रिता, म्हणजे पिठाची तळलेली पोळी, आणि बेकरीतले बिस्कोचोस पारंपरिक पद्धतीत गाईच्या चरबीत करतात. ‘तिएने ग्रासा?’, म्हणजे चरबी आहे का, असं विचारून मगच घ्या. घरून ताजी फळं, भाज्या, बी-बियाणं, दुधाचे पदार्थ आणू नका, सीमेवर काढून घेतात. डाळ, तांदूळ, बटाटे, दही इथल्या दुकानांत मिळतं. रेस्टॉरंटं रात्री नऊच्या आधी रिकामी असतात आणि काहींची चूल आठपर्यंत पेटलेलीही नसते, तेव्हा मुलांसाठी संध्याकाळचं काहीतरी जवळ ठेवा.

गांजाबद्दल लोक विचारतात म्हणून सांगतो: २०१३ च्या कायद्याने तो वैध झाला, पण औषध दुकानातून घेण्याचा हक्क नोंदणी केलेल्या रहिवाशांनाच आहे. पर्यटकांनी त्या वाटेला जाऊ नये.

एक दिवस जास्त असेल तर

पुंता देल एस्ते दोन तासांवर आहे, उंच इमारती आणि श्रीमंती किनारे. हंगामाबाहेर तिथे फारसं काही नाही. उन्हाळ्यात गेलात तर वाटेतल्या पुंता बायेनाच्या कड्यावर कार्लोस पाएस विलारो या चित्रकाराचं पांढरं घर, कासापुएब्लो, सूर्यास्ताला गाठा.

मी मात्र कोलोनिआ देल साक्रामेन्तोला पाठवेन. १६८० मध्ये पोर्तुगीजांनी वसवलेलं, १९९५ पासून युनेस्कोच्या यादीत असलेलं हे गाव त्रेस क्रुसेसहून बसने अडीच-पावणेतीन तासांवर आहे. दगडी फरसबंदीच्या गल्ल्या, दीपगृह, आणि चालायला दोन-तीन तास पुरतात. पुढे ब्युनोस आयर्सला जायचं असेल तर मॉन्टेव्हिडिओहून थेट फेरी घेऊ नका. सोमवारी सकाळी लवकरची बस धरून कोलोनिआला या, दुपार तिथे काढा आणि संध्याकाळच्या फेरीने सव्वा तासात पलीकडे जा. फेरीचं तिकीट आधी काढून ठेवा, आणि बंदरात तास-दीड तास आधी पोचा.